नावाचा रकाना

महोत्सवाच्या पूर्वतयारीच्या पहिल्याच बैठकीत एक ठराव एकमताने संमत झाला. आजवर या शाळेतून आणि वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या सर्व मुलामुलींची नोंद एका ठिकाणी व्हावी, असा तो ठराव होता. दौंड हे जंक्शनचे गाव. येथून एक गाडी मनमाडकडे जाते, एक सोलापूरकडे, एक बारामतीकडे आणि एक पुण्या-मुंबईकडे. आपली मुलेही अशीच चारी दिशांना गेली. त्यांतले कोण कुठे आहे, काय करते, कोणाची कोणाला मदत होऊ शकते, याची एकत्रित नोंद आपल्यापाशी नव्हती. म्हणून संस्थेचे संकेतस्थळ करावे आणि त्यावर माजी विद्यार्थ्यांनी आपली नोंदणी आपणच करावी, असे ठरले. मी इतिहासाचा शिक्षक. दप्तर, नोंदी, जुने कागद असा विषय निघाला की सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळतात. तशा त्या वळल्या आणि हे काम माझ्या वाट्याला आले.

संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने वर्डप्रेस नावाच्या विनामूल्य प्रणालीवर संकेतस्थळ उभे करून दिले. त्या प्रणालीचा मुळातला नोंदणी फॉर्म अगदीच त्रोटक असतो. प्रवेशनाव आणि ईमेल, एवढे दोनच रकाने. आम्हाला अधिक माहिती हवी होती. तेव्हा त्याने घाईघाईत दुसरीकडे वापरलेला एक तयार फॉर्म आणून बसवला. प्रथम नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख, धर्म, जात, पोटजात, दहावीचे वर्ष, गाव, भ्रमणध्वनी, ईमेल. प्रत्येक रकान्यापुढे लाल चांदणी, म्हणजे तो भरणे अनिवार्य. मी तो फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला आणि ‘छान झाला आहे’ असे म्हटले. ही कबुली मी प्रारंभीच देतो, कारण पुढे जे घडले त्यात पहिली चूक माझी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वंदना आटोपून मी घरी आलो, तोच फोन वाजला. “जय भीम सर. ओळखलंत का?” आवाजावरून ओळखले. मुलींच्या वसतिगृहात दहावीपर्यंत राहिलेली, आज परिचारिका म्हणून काम करणारी आपली एक विद्यार्थिनी. म्हणाली, “सर, तुमचा फॉर्म मला घेत नाही.” मला वाटले, नेटची काही अडचण असेल. ती म्हणाली, “नेट आहे सर. वडिलांचं नाव रिकामं ठेवलं की रकाना लाल होतो आणि पुढं जाऊ देत नाही.” मी गप्प झालो. तिच्या आईने ऊसतोडीला जाऊन तिला वाढवले, हे मला ठाऊक होते. जो माणूस तिच्या जन्माआधीच निघून गेला, त्याचे नाव ती कधी लावत नव्हती. थोडे थांबून ती म्हणाली, “सर, वसतिगृहात तुम्ही हजेरी घेताना माझ्या नावापुढं आईचं नाव घ्यायचात. इतक्या वर्षांनी शाळेनं बोलावलं, आणि दारातच बापाचं नाव विचारलं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले. “बाळ, दोन दिवस थांब. मी बघतो,” एवढेच मी म्हणू शकलो.

त्या रात्री मी बराच वेळ विचार करीत बसलो. शिक्षकाच्या आयुष्यात जनरल रजिस्टर ही फार मोठी वस्तू आहे. जून महिन्यात पालक मुलाचा हात धरून येतात, आपण लेखणी उचलतो आणि एकेक रकाना भरत जातो. नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख. पालक जे सांगतात ते लिहितो. त्यांना सांगता आले नाही तर आपल्या मताने लिहितो. पुढे तीच नोंद शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते, दाखल्यावरून जातीच्या प्रमाणपत्रावर, प्रमाणपत्रावरून नोकरीच्या कागदांवर. त्या जूनमध्ये केलेली पाच मिनिटांची नोंद त्या मुलाला आयुष्यभर सोबत करते. ती बदलायची तर किती कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे.

आपल्या समाजाचा शिक्षणाचा इतिहासच मुळी अर्ज आणि रजिस्टर यांच्याभोवती फिरतो. १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाच्या वतीने अर्ज करण्यात आला. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे मान्य करूनही मुंबई सरकारने त्याला प्रवेश दिला नाही. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव लिहिले गेले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस महाराष्ट्र शासन २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. रजिस्टरातील एका ओळीचा उत्सव करणारा आपल्यासारखा समाज विरळाच. ज्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या कोणत्याच वहीत आली नव्हती, त्यांनाच एका ओळीचे मोल कळते.

माझ्या स्वतःच्या दाखल्याचीही एक कथा आहे. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, दर पौर्णिमेला वंदना. पण माझे नाव शाळेत घालताना त्यांनी धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ आणि जातीच्या रकान्यात ‘महार’ असे लिहून घेतले. हे मला फार उशिरा कळले आणि तरुण वयात मी त्यांच्यावर चिडलोही. ते शांतपणे म्हणाले, “राज्यात बौद्ध चालतं रे. रेल्वे केंद्राची आहे.” त्यांचे गणित चुकीचे नव्हते. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती धर्मांतरित बौद्धांना लागू केल्या होत्या; परंतु अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा उल्लेख नसल्यामुळे केंद्राच्या सवलती मिळत नसत. ती दुरुस्ती १९९० साली झाली. तोपर्यंत आपल्या हजारो घरांनी घरात एक धर्म आणि कागदावर दुसरा, असे दुहेरी आयुष्य काढले. दुसरीकडे हेही तितकेच खरे की, १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात जेमतेम अडीच हजार बौद्ध नोंदले गेले होते, तो आकडा १९६१ मध्ये २७ लाख ८९ हजारांवर गेला. गावोगावी प्रगणक दारात आला तेव्हा लाखो निरक्षर माणसांनी आवर्जून सांगितले, “लिहा, बौद्ध.” रकाना माणसाला कसा अडवतो ते माझ्या दाखल्यात दिसते आणि त्याच रकान्यातून माणूस कसा उभा राहतो ते १९६१ च्या जनगणनेत दिसते.

एवढा इतिहास वर्गात शिकवणाऱ्या माणसाने एका मुलीपुढे लाल चांदणी लावलेला रकाना ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणकवाल्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याच्या कामाची घाई होती. “सर, मी चार-सहा दिवसांनी करतो. नाहीतर तुम्हीच करा. तुम्ही आम्हाला मोडी वाचायला शिकवत होतात, कोड त्याहून सोपा आहे,” असे म्हणून तो हसला. मी मात्र ते मनावर घेतले.

त्याने मला जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. आपल्या इतर शिक्षकांना आणि मंडळांना त्याचा उपयोग होईल. वर्डप्रेसच्या मूळ कोडला हात लावायचा नसतो. त्या कोडमध्ये ठिकठिकाणी ‘हुक’ ठेवलेले असतात. आपल्या घरात भिंतीला खुंट्या असतात तसे ते समजावे. भिंत पाडायची नाही. खुंटीला आपली पिशवी अडकवायची. नोंदणी फॉर्मसाठी अशा तीन खुंट्या महत्त्वाच्या. ‘रजिस्टर फॉर्म’ या पहिल्या खुंटीला आपला नवा रकाना अडकवला की तो पडद्यावर दिसू लागतो. ‘रजिस्ट्रेशन एरर्स’ या दुसरीला आपले नियम अडकवायचे. काय स्वीकारावे आणि काय परत पाठवावे ते येथे ठरते. ‘यूजर रजिस्टर’ ही तिसरी. नोंदणी पूर्ण झाली की भरलेली माहिती त्या व्यक्तीच्या खात्यात जपून ठेवण्याची आज्ञा येथे द्यायची. दाखवणे, तपासणे आणि जपणे, अशी ही तीन कामे आहेत.

शिकताना माझी फजितीही भरपूर झाली. प्रारंभी मी पहिलीच पायरी लिहिली आणि खूश झालो. रकाना दिसत होता, लोक भरत होते. पण तिसरी पायरी लिहिलीच नसल्यामुळे भरलेले सारे हवेत विरून जात होते. पहिल्या काही जणांना मला पुन्हा फोन करून क्षमा मागावी लागली. मग एकदा ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला आणि अख्खे संकेतस्थळ पांढरे पडले. व्याकरणातील अर्धविरामाबद्दल मुलांचे गुण कापणाऱ्या शिक्षकाला तो धडा पुरेसा होता. सर्वांत मोठी चूक अशी की, मी माझा कोड थीमच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या बाह्य पोशाखाच्या, फाइलमध्ये लिहिला. थीमची नवी आवृत्ती आली आणि एका रात्रीत माझी आठवड्याची मेहनत पुसली गेली. तेव्हापासून तो कोड एका स्वतंत्र छोट्या प्लगइनमध्ये ठेवला आहे आणि त्याची एक प्रत छापून शाळेच्या कपाटात ठेवली आहे.

खरा धडा मात्र दुसऱ्या खुंटीपाशी, नियमांपाशी मिळाला. जुन्या फॉर्ममधील नियम उघडून वाचू लागलो तेव्हा एकेक गोष्ट ध्यानात येत गेली. नावात केवळ रोमन लिपीतील अक्षरे असावीत, असा पहिला नियम होता. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या मुलांनी आपले नाव मराठीत लिहिले की फॉर्म ‘अवैध नाव’ म्हणत असे. मी तो नियम सैल करून ‘कोणत्याही लिपीतील अक्षर चालेल’ असा केला. तपासायला ‘कमल’ लिहिले, चालले. ‘रमा’ लिहिले, परत आले! कितीतरी वेळ काहीच उमजेना. मग कळले की, संगणकाच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, उकार ही अक्षरे धरली जात नाहीत; ती ‘चिन्हे’ समजली जातात आणि त्यांना वेगळी परवानगी द्यावी लागते. ‘कमल’ला काना-मात्रा नाही, म्हणून ती आत आली. रमा बाहेर, भीमा बाहेर, सावित्री बाहेर. ज्या घरात रमाईचे नाव घेतल्यावाचून दिवस उजाडत नाही, त्या घराच्या दारात ते नाव अवैध ठरावे!

चिन्हांना परवानगी दिली. आता ‘सावित्रीबाई’ लिहून पाहिले, तर उत्तर आले, ‘नाव फार लांब आहे’. मर्यादा तीसची होती. बोटांवर मोजले, काना-वेलांट्यांसह अकरा चिन्हे भरली. शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. तो नियम अक्षरे मोजत नव्हता. साठवणुकीचे घटक, ज्यांना ‘बाइट’ म्हणतात, ते मोजत होता. प्रचलित पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. अकरा त्रिक तेहेतीस. इंग्रजीत लिहिलेली सावित्रीबाई दहा बाइटांत आत जाते आणि मराठीत लिहिलेली सावित्रीबाई तीसची मर्यादा ओलांडते. मोजण्याची आज्ञा बदलली की हा दोष जातो. एका शब्दाचा फरक. कोणी हेतुपुरस्सर काही केले नव्हते. ज्याने नियम लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर आपण नव्हतो, एवढेच. पण इतिहासात आपल्याला बाहेर ठेवणारे सगळेच नियम द्वेषाने लिहिलेले नव्हते. पुष्कळसे असेच, आपण डोळ्यांसमोर नसताना लिहिले गेले. शेवटी मी अक्षरांचा नियमच काढून टाकला. नाव रिकामे नसावे, एवढीच अट ठेवली. कोणाचे नाव योग्य आणि कोणाचे अयोग्य, हे ठरवणारे आपण कोण?

आडनावाच्या अनिवार्यतेचा विचार करताना मला भीमेकाठचा विजयस्तंभ आठवला. आपल्या दौंडवरून वाहणारी भीमा वर शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमापाशी वाहते आणि त्या परिसरात पेरणे येथे तो स्तंभ उभा आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या ४९ सैनिकांची नावे त्यावर आहेत आणि त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय येतो. बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी तेथे भेट दिली. आपण दरवर्षी तेथे जातो आणि मस्तक लववतो. मनात आले, त्या बावीसांपैकी कोणी आज आपल्या संकेतस्थळावर आला असता, तर आडनावाचा रकाना लाल झाला असता. आपल्या वसतिगृहातील कितीतरी मुलांनी गावाने चिकटवलेले आडनाव पुढे टाकून दिले, काहींनी ते अभिमानाने ठेवले, काही केवळ नाव लावतात. तेव्हा प्रथम नाव, मधले नाव, आडनाव असे तीन कप्पे मोडून मी एकच रकाना केला: ‘आपले पूर्ण नाव, आपण सांगाल तसे’.

जन्मतारखेने वेगळीच अडचण केली. एकाच माणसाची दोनदा नोंद होऊ नये म्हणून ‘नाव आणि जन्मतारीख सारखी असेल तर नाकारावे’ असा नियम फॉर्ममध्ये होता. कागदावर तो शहाणपणाचा वाटतो. पण आपल्या पिढीतल्या मुलांची जन्मतारीख कोणती? १ जून! शाळा जूनमध्ये उघडत, आईबापांना तारीख सांगता येत नसे, आणि गुरुजी सहा वर्षे मागे मोजून १ जून लिहून टाकत. मीही लिहिली आहे. एका तुकडीतले एकाच नावाचे दोघे, दोघांची तारीख १ जून. पहिल्याची नोंद झाली आणि दुसऱ्याला उत्तर गेले, ‘आपली नोंद आधीच झालेली आहे’. वसतिगृहात एका खोलीत राहिलेले ते दोघे मित्र नंतर यावर खूप हसले. मी जन्मतारीखच काढून टाकली आणि त्याऐवजी ‘शाळा सोडल्याचे वर्ष’ विचारले. ते प्रत्येकाला अचूक आठवते.

आता वडिलांचे नाव. ते मी पहिल्याच दिवशी काढले होते, पण बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी हरकत घेतली, “सर, बापाचं नाव नाही तर ओळख पटायची कशी?” त्यांना उत्तर देताना इतिहास कामी आला. मी म्हटले, “दादा, आपण ज्या सातवाहनांचा अभिमान बाळगतो, तो राजा गौतमीपुत्र सातकर्णी, त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आजही आहे. आणि धम्मसेनापती सारिपुत्त म्हणजे तर सारीचा पुत्र. यांची ओळख पटायला कोणाला अडचण आली?” ते प्रसन्न हसले आणि हरकत मागे घेतली. महाराष्ट्र शासनानेही १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांवर बालकाच्या नावानंतर आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतला आहे. आम्ही त्याहून थोडे पुढे गेलो. ‘आपल्याला घडवणाऱ्या व्यक्तीचे नाव’ असा एक ऐच्छिक रकाना ठेवला. त्यापुढे चांदणी नाही.

सर्वाधिक चर्चा झाली ती धर्म आणि जात या रकान्यांवर. त्या बैठकीत मतभेद तीव्र होते आणि ते प्रामाणिक होते. एक बाजू म्हणत होती, जातीचा रकाना काढून जात जात नाही. उलट नोंद नसेल तर अन्याय सिद्ध करता येत नाही आणि हक्क मागता येत नाही. दुसरी बाजू म्हणत होती, जी ओळख पुसण्यासाठी धम्म स्वीकारला, ती आपल्याच दारात पुन्हा का विचारायची? मला दोन्ही बाजू पटत होत्या. माझ्या वडिलांचा अनुभव पहिलीच्या बाजूने होता आणि माझे मन दुसरीच्या. विचारांती मी एक कसोटी मांडली: ही माहिती घेऊन आपण नेमके काय करणार? शाळेच्या प्रवेशाच्या वेळी जात विचारावी लागते, कारण शिष्यवृत्ती आणि आरक्षण हे घटनादत्त हक्क तिच्यावर अवलंबून आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला मात्र तिचे काहीच काम नाही. ज्या उत्तराचा आपल्याला उपयोग नाही, तो प्रश्न विचारणे म्हणजे नुसती चौकशी. जात आणि पोटजात हे रकाने गेले.

तेव्हा एका उत्साही कार्यकर्त्याने सुचवले की, निदान धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ हा पर्याय आधीच निवडलेला ठेवावा. आपली संस्था बौद्ध आहे, आणि लोकांचा वेळही वाचेल. कोडमध्ये ते एका शब्दाचे काम होते. हात तेथपर्यंत गेलाही होता. पण मला १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी दिसली. बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा घेतली, मग उपस्थितांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि लाखो माणसांनी त्या आपल्या मुखाने उच्चारल्या. कोणाच्या वतीने कोणी उच्चारल्या नाहीत. जन्माने चिकटलेल्या धर्मातून स्वतःच्या निर्णयाने बाहेर पडणे, हाच त्या दिवसाचा अर्थ होता. मग आपणच आपल्या मुलांच्या वतीने खूण करून ठेवायची? शिवाय आपल्या वसतिगृहात पारधी समाजाची मुले शिकली, मुस्लिम शिकली, मराठा शिकली. त्यांनी आपल्या पंगतीत जेवण केले, आपल्यासोबत वंदनेला बसली. त्यांनी फॉर्म उघडताच त्यांच्या नावापुढे आमचा शब्द आधीच लिहिलेला दिसावा, हे पंचशीलाला धरून नाही. अखेर धर्माचा रकानाही गेला. तो कार्यकर्ता बैठकीनंतर माझ्याजवळ येऊन म्हणाला, “सर, मला राग आला होता. पण बरोबर आहे तुमचं.” त्याचे हे शब्द मला फार मोलाचे वाटतात.

भ्रमणध्वनी क्रमांकाबाबतही आपण सावध राहिले पाहिजे. जुन्या फॉर्ममध्ये भरलेला क्रमांक इतर सर्व सभासदांना दिसत असे. मुलींसाठी त्यातला धोका सांगायला नको. आता तो क्रमांक फक्त कार्यालयाला दिसतो. इतरांना दाखवायचा असेल तर त्या व्यक्तीने स्वतः तशी खूण करावी लागते. २०२३ साली देशात व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. माहिती कशासाठी घेतो ते सांगावे, संमतीने घ्यावी, हे त्याचे मर्म. कायदा नसता तरी आपल्या लेकीबाळींची माहिती चव्हाट्यावर ठेवण्याचा आपल्याला अधिकार नव्हता.

प्रवेशनाव ही प्रणाली आजही रोमन लिपीतच मागते, आणि अनेक भगिनींकडे स्वतःचा ईमेल नाही. पहिल्यावर उपाय म्हणून शाळा सोडल्याचे वर्ष आणि अनुक्रमांक जोडून प्रवेशनाव कोडच तयार करतो. कोणाला ते सुचवावे लागत नाही. दुसऱ्यावर उपाय जुनाच आहे. कार्यालयात छापील फॉर्म ठेवले आहेत. ज्यांना संगणक जमत नाही त्यांनी यावे, तोंडी सांगावे. आपले कर्मचारी लिहून घेतील, वाचून दाखवतील आणि मगच नोंद करतील. वाचून दाखवणे विसरू नये, अशी मी त्यांना विनंती केली आहे, कारण माझे वडील जे सांगत होते ते गुरुजींनी काय लिहिले, हे त्यांना वाचता येत नव्हते.

मी दोन दिवसांचे वचन दिले होते. प्रत्यक्षात महिना लागला. नवा फॉर्म सुरू झाला त्या संध्याकाळी मी त्या विद्यार्थिनीला फोन केला. ती कामावर होती. रात्री उशिरा तिची नोंद आली. पूर्ण नावात तिने स्वतःचे नाव आणि पुढे आईचे नाव लिहिले होते. ‘आपल्याला घडवणाऱ्या व्यक्तीचे नाव’ या रकान्यात पुन्हा आईचेच नाव होते, आणि स्वल्पविराम देऊन पुढे वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे. त्या मावशींचे नाव आपल्या संस्थेच्या कोणत्याही नोंदवहीत विद्यार्थ्यांच्या पानावर नाही. ते आता आले.

या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्व माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी नम्र विनंती आहे. आपली नोंदणी अवश्य करावी. एखादा रकाना अडवत असेल तर ‘आपलेच काही चुकले’ असे समजून परत फिरू नये. फोन करून आम्हाला सांगावे. चूक फॉर्मची असेल तर फॉर्म बदलू. माझ्या शाळेच्या दाखल्यावरचे दोन शब्द बदलणे माझ्या वडिलांच्या हाती नव्हते. हे मात्र आपल्या हाती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!